कुणी पाहिलंच नाही, तर खून सिद्ध कसा होतो? (पंच म्हणून साक्ष दिली तेव्हापासूनचा प्रश्न)

पंच क्रमांक दोन

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो, आता निवृत्त आहे. नोकरीत असताना एका खुनाच्या तपासात पंच म्हणून गेलो होतो. पोलिसांचं पत्र आलं, साहेबांनी आम्हा दोघांची नावं दिली. गाव आणि नावं लिहीत नाही, ते कुटुंब अजून तिथेच राहतं.

मुलगा चोविशीचा. बेपत्ता झाल्यावर तिसऱ्या दिवशी ओढ्यात सापडला. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. ओळखीतल्याच एकावर संशय होता. दोघांत पैशाचा व्यवहार होता, आणि मुलगा बेपत्ता झाला त्या संध्याकाळी दोघं एका मोटरसायकलवरून जाताना कुणाला तरी दिसले होते.

आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा आरोपी बाकावर बसला होता. साहेब म्हणाले, पंचांसमोर सांग. तो खाली बघत म्हणाला, "कोयता ठेवलाय तिथे नेतो." रायटरने लिहून घेतलं, त्याची सही झाली, आमच्या झाल्या. मग जीपमध्ये बसलो. वाट तोच सांगत होता, हे खरं आहे. पण आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक शिपाई आधीच होता. बाभळीखाली सावलीत बसला होता, आम्हाला बघून उठला. आरोपीने घाणेरीच्या जाळीत हात घातला, दगड सरकवला आणि कोयता काढून दिला. मुठीवर काळपट डाग होते. खाकी कागदात गुंडाळला, सुतळी बांधली, आमच्या सह्यांचं लेबल लावलं. लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली, पण वारा तिला टिकू देईना. काड्यांमागून काड्या गेल्या. शेवटी साहेब म्हणाले, चला, ठाण्यात गेल्यावर करू. पंचनाम्यात मात्र लिहिलं होतं, "जागीच लाखेने सीलबंद केले." मी ते वाचलं आणि सही केली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

चार वर्षांनी समन्स आलं. बचावाच्या वकिलांनी अगदी शांतपणे विचारलं, तुम्ही पोचलात तेव्हा तिथे कोण होतं? सील कुठे लावलं? मी शपथ घेतलेली होती. जे झालं होतं ते सांगितलं.

आरोपी सुटला. निकालाच्या दिवशी मी कोर्टात नव्हतो. नंतर एकदा एसटी स्टँडवर मुलाची आई भेटली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, कागदावर सही तुमचीच होती ना?"

माझे प्रश्न दोन. कुणी पाहिलेलंच नसताना कोर्ट खुनाची शिक्षा देतं, ते कशाच्या जोरावर? आणि माझ्या उत्तरामुळे खुनी सुटला का? जाणकारांनी स्पष्ट सांगावं. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नये.

शुभदा

काका, वाचून पोटात कालवलं. पण राग तुमचा नाही येत. एक मेणबत्ती विझली म्हणून माणूस मारणारा सुटतो, याला न्याय कसं म्हणायचं? कोयता त्यानेच काढून दिला ना? मग सील ओढ्याकाठी लागलं की ठाण्यात, काय फरक पडतो?

बार रूम

काका, मी सत्र न्यायालयात फौजदारी कामं चालवतो, बहुतेक बचावाची. तुम्ही स्पष्ट म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो.

आधी पहिला प्रश्न. खुनाला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवाच, असा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. पूर्वीचं कलम ३०२ असो की आता भारतीय न्याय संहितेचं १०३, निव्वळ परिस्थितीजन्य पुराव्यावर जन्मठेप होते आणि फाशीही झालेली आहे. फरक एवढाच की तिथे कोर्टाला पुरावा वेगळ्या तऱ्हेने तपासावा लागतो. डोळ्यांनी पाहणारा असला तर प्रश्न एकच असतो, या माणसावर विश्वास ठेवायचा का. परिस्थितीच्या बाबतीत दोन प्रश्न येतात. ही गोष्ट खरंच घडली का? आणि घडली असेल तर तिच्यावरून आरोपीच खुनी ठरतो का, की दुसराही अर्थ निघतो?

याचा मूळ दाखला १९५२ चा आहे, हनुमंत नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश. गंमत अशी की ते प्रकरण खुनाचं नव्हतंच, टेंडरच्या कागदांतल्या बनावटीचं होतं. तिथे सर्वोच्च न्यायालयाने १८३८ च्या एका इंग्लिश खटल्यातला इशारा उचलला. सुट्या गोष्टी एकमेकींशी जुळवण्यात मनाला सुख वाटतं, आणि जुळत नसल्या की मन त्या ओढूनताणूनही जुळवतं. हा इशारा मला रोजच्या कामात पटतो. तपासी अंमलदाराचं मन तेच करतं, सरकारी वकिलाचं करतं, आणि बचाव करताना माझंही करतं.

पुढे १९८४ मध्ये शरद सारडा खटल्यात न्या. फझल अली यांनी पाच कसोट्या सांगितल्या, त्यांना पंचशील म्हणतात. प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध झालेली हवी. सगळ्यांचा मेळ आरोपीच्या दोषाशीच बसायला हवा. त्या निर्णायक असाव्यात. दुसरी कुठलीही शक्यता उरू नये. आणि साखळी इतकी पुरी असावी की आरोपी निर्दोष असेल असं मानायला वाजवी जागाच राहू नये. पाचही पाठ करायची गरज नाही. पहिली नीट समजली की बाकीच्या आपोआप समजतात. "झालं असेल" आणि "झालंच" यांत मोठं अंतर आहे, हे शिवाजी बोबडे खटल्यात १९७३ मध्येच सांगून झालं होतं.

आता शुभदाताईंचा प्रश्न, काय फरक पडतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, मारझोडीची भीती असते म्हणून. त्याला एकच खिडकी ठेवली आहे. जुनं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी गोष्ट नव्याने उघड झाली, तर तेवढ्यापुरतं बोलणं घेता येतं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात हे फोडून सांगितलं आहे. "घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो" याने सुऱ्याचा शोध लागत नाही, सुरे जगात पूर्वीपासून आहेत. उघड होतं ते एवढंच, की सुरा अमुक जागी लपवला होता आणि ते याला माहीत होतं. "ज्याने मी मारलं" हे शब्द घेता येत नाहीत.

म्हणून तो बाभळीखालचा शिपाई महत्त्वाचा आहे. जागा पोलिसांना आधीच ठाऊक असेल तर आरोपीच्या सांगण्याने उघड काय झालं? आणि कोयता ठाण्यापर्यंत बिनसीलचा गेला असेल, तर डाग आधीपासून होता की नंतर लागला हे कोण सांगणार? तसं काही झालं असं मी म्हणत नाही. झालं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकार पक्षाची असते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निकालपत्र वाचल्याशिवाय देणार नाही. तुम्ही वाचलंय का?

कृष्णाकाठ

बार रूम, माहिती चांगली आहे, पण मला पटलं नाही. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, माणूस खोटं बोलेल, परिस्थिती बोलणार नाही. साक्षीदार विकत घेता येतो, घाबरवता येतो. रक्ताचा डाग फितूर होत नाही. उलट परिस्थितीजन्य पुराव्यालाच जास्त वजन द्यायला हवं.

प्रियदर्शिनी मट्टू खटला आठवा, दिल्लीतल्या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या खुनाचा. १९९९ मध्ये दिल्लीच्या सत्र न्यायाधीशांनी, यानेच गुन्हा केलाय हे मला माहीत आहे, पण संशयाचा फायदा द्यावा लागतोय, असं म्हणून आरोपीला सोडलं. सगळा पुरावा परिस्थितीचाच होता. डीएनए होता, आरोपीच्या हाताची जखम होती, हेल्मेटची तुटलेली काच होती, आणि आधीचा सततचा पाठलाग होता. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच पुराव्यावर दोषी ठरवलं आणि फाशी दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दोष कायम ठेवून जन्मठेप केली. म्हणजे साखळी होतीच, पहिल्या कोर्टाला ती दिसली नाही. "दुसरी कुठलीही शक्यता उरू नये" हे ताणत गेलं तर कुणालाच शिक्षा होणार नाही.

बार रूम

कृष्णाकाठ, मट्टू खटल्याबद्दल तुमचं बरोबर आहे, तो सुटायला नको होता. आणि "कुठलीही शक्यता" म्हणजे आकाशातून पडलेली शक्यता नव्हे. बोबडे खटल्यातच संशयाच्या फायद्याची अवाजवी भक्ती करू नका, असंही बजावलं आहे.

पण त्या म्हणीबद्दल बोलतोच. परिस्थिती खोटं बोलत नाही हे मान्य. पण ती स्वतःच्या पायांनी कोर्टात येत नाही. डाग कोर्टात येतो तो पंचाच्या तोंडून, मुद्देमाल घेऊन जाणाऱ्या शिपायाच्या तोंडून, तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या तोंडून. तो घेऊन येणारी ही सगळी माणसंच आहेत. म्हणून प्रत्यक्षदर्शीच्या खटल्यात एका माणसाला तपासायचं, तर इथे दहा जणांना तपासावं लागतं.

जुनी पानं

बरीच वर्षं कायदा शिकवला, म्हणून दोन खटले शेजारी ठेवून दाखवतो. दोन्ही पुण्याचे, दोन्हीत विषाचा आरोप, दोन्हीत सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने फाशी दिलेली. सर्वोच्च न्यायालयात दोघांची वाट वेगळी झाली.

पहिला डॉ. अनंत चिंतामण लागू. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री हे डॉक्टर आपल्या रुग्ण असलेल्या सधन विधवा बाईंना पुण्याहून रेल्वेने मुंबईला घेऊन निघाले. पहाटे मुंबईत बाई बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केल्या, त्याच सकाळी गेल्या. शवविच्छेदन झालं ते बऱ्याच दिवसांनी. व्हिसेऱ्यात, म्हणजे तपासणीला पाठवलेल्या आतल्या अवयवांत, विष सापडलं नाही. पुन्हा सांगतो, विष सापडलंच नाही. बाईंना मधुमेह होता, त्यामुळे नैसर्गिक मृत्यूची शक्यता समोर उभी होती.

तरी शिक्षा कायम झाली. का? रुग्णालयात त्यांचं नेहमीचं नाव न देता दुसरंच नाव सांगितलं होतं. मृतदेह बेवारस राहिला, पुण्यातल्या नातलगांना कळवलं नाही. पुढे बाईंच्या नावाने पत्रं येऊ लागली, की मी पुन्हा लग्न केलंय, दूर सुखात आहे, शोध घेऊ नका. आणि मधल्या काळात त्यांची मालमत्ता डॉक्टरांकडे सरकत राहिली. ज्याच्या डोळ्यांदेखत रुग्ण आजाराने गेला, तो डॉक्टर रुग्ण जिवंत असल्याची पत्रं कशाला लिहील? या वागण्याला निर्दोषपणाचं एकही स्पष्टीकरण बसत नव्हतं. न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला. आवर्जून नोंदवतो, न्या. सरकार यांनी भिन्न मत दिलं, त्यांच्या मते नैसर्गिक मृत्यूची शक्यता वगळली गेली नव्हती.

दुसरा शरद सारडा. जून १९८२ मध्ये पुण्यात नवविवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू. इथे विष सापडलं, जालीम विष. घरात पती होता. पण तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. खालच्या कोर्टांनी त्या पत्रांत पतीचा जाच आणि त्यापुढचा खून वाचला. सर्वोच्च न्यायालयाने तीच पत्रं वाचली आणि म्हटलं, इतकी हळवी, खचलेली मुलगी स्वतःही विष घेऊ शकते. सायनाइड पतीकडे होतं हे सिद्ध नव्हतं. आत्महत्येची वाट मोकळी राहिली, आरोपी सुटला.

म्हणजे विष नाही तिथे फाशी, विष आहे तिथे मुक्तता. विद्यार्थी पहिल्यांदा ऐकून चक्रावायचे. मी त्यांना वहीत दोन रकाने करायला लावायचो. डावीकडे सिद्ध झालेली गोष्ट लिहा. उजवीकडे तिचं निर्दोष स्पष्टीकरण लिहा, तेही प्रामाणिकपणे, स्वतः आरोपीच्या जागी बसून. लागू खटल्यात उजवा रकाना पत्रांशी येऊन रिकामा राहायचा. सारडा खटल्यात प्रत्येक ओळीसमोर काहीतरी लिहिता यायचं. किती पुरावे आहेत हे मोजत बसण्यापेक्षा उजवा रकाना रिकामा राहतो का ते बघा.

सारडा निकालात आणखी एक मुद्दा आहे, तो सगळे विसरतात. जी परिस्थिती आरोपीला त्याच्या जबाबात नीट विचारलेली नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. जुनं कलम ३१३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१. न्यायाधीशांनी "तुला याबद्दल काय म्हणायचंय" हे प्रत्येक कडीबद्दल विचारायला हवं. घाईत पन्नास प्रश्नांच्या जागी पंधरा विचारले की कडी हातची जाते.

प्रयोगशाळेतला

सीलबद्दल मी लिहितो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नोकरी झाली माझी. पाकीट आलं की आम्ही आधी सील बघायचो. पत्रासोबत सीलचा नमुना आलेला असतो, तो पाकिटावरच्या ठशाशी जुळवायचा. जुळला, शाबूत असला, की मगच पाकीट उघडायचं. आत काय आहे हे आम्हाला कळतं, पण ते कुठून आणि कसं आलं हे सांगणारं त्या लाखेशिवाय दुसरं काही नसतं.

जीव कळवळायचा तो वेगळ्याच गोष्टीने. रक्ताने ओले कपडे तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून यायचे. आत दमट, बुरशी धरलेली. सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे, इतकं साधं काम. मग आम्ही अहवालात लिहायचो, "रक्त मानवी, गट निश्चित करता आला नाही." कोर्टात या वाक्याचा उपयोग किती? कोयत्यावर माणसाचं रक्त आहे, एवढाच. कुणाचं, ते नाही. त्या गावात कोयत्याने हात कापून घेतलेला माणूस घरटी एक सापडेल. पंच काका, तुमच्या प्रकरणात रक्ताचा अहवाल काय होता, आठवतंय?

डॉ. अनामिक

मुलगा संध्याकाळी आरोपीसोबत दिसला आणि मृतदेह तिसऱ्या दिवशी सापडला, इथे मला थांबावंसं वाटलं. मी शवविच्छेदनं केली आहेत. मृत्यूची वेळ आम्ही तासाच्या काट्याने सांगू शकत नाही. ताठरता, त्वचेवरचे डाग, पोटातलं अन्न, कुजण्याची अवस्था यांवरून एक पट्टा सांगतो. तिसऱ्या दिवशी, त्यात पाण्यातला मृतदेह असेल, तर तो पट्टा फार रुंद होतो. "त्याच रात्री मेला" असं डॉक्टर छातीठोक सांगत असेल तर मीच शंका घेईन.

बार रूम

डॉक्टरांनी नेमकं बोट ठेवलं. "शेवटचे एकत्र दिसले" हा पुरावा ऐकायला फार भारी वाटतो. पण २००५ च्या सतीश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की दोघं एकत्र दिसणं आणि मृतदेह सापडणं यांत अंतर इतकं थोडं हवं, की मध्ये दुसरं कुणी येण्याची शक्यताच उरू नये. दोन दिवसांत कितीतरी माणसं येऊ-जाऊ शकतात.

शुभदा

मग घराच्या चार भिंतींत बाई मारली जाते तेव्हा काय? तिथे कोण बघायला असतं? बाहेरचा साक्षीदार नाही, घरचे तोंड उघडत नाहीत, कोयता घासूनपुसून ठेवलेला. तुमच्या या कसोट्यांनी तिचा नवरा कायम सुटणार.

सांगूनच टाकते. माझी मावसबहीण. स्टोव्हचा भडका म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होते.

बार रूम

शुभदाताई, काय लिहू कळत नाही. फक्त कायद्याचं सांगतो.

घरातल्या मृत्यूंसाठी कायदा वेगळ्या ठिकाणी उभा राहतो. जी गोष्ट खास एखाद्यालाच माहीत असेल, ती त्याने सांगावी, हे साक्ष्य कायद्याचं जुनं कलम १०६, आता १०९. कायद्यातलं उदाहरण साधं आहे, विनातिकीट प्रवासाचा आरोप असलेल्याने तिकीट दाखवावं. आपल्याच महाराष्ट्रातल्या त्रिमुख किरकन खटल्यात, २००६ साली, पत्नी सर्पदंशाने गेली असं सासरचे सांगत होते. शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घराच्या आत गुप्तपणे घडलेल्या गुन्ह्यात सरकार पक्षाकडून अशक्य पुरावा मागता येणार नाही, घरातल्यांनी पटेल असं स्पष्टीकरण द्यायला हवं. गप्प राहिले किंवा खोटं सांगितलं, तर ती साखळीतली आणखी एक कडी होते. शिक्षा कायम राहिली.

पण याचीही मर्यादा सांगायला हवी. आधी सरकार पक्षाने पाया घालायचा, घरात तोच होता, मृत्यू घातपाताचाच होता. त्यानंतर आरोपीकडे बोट. १९५६ च्या शंभूनाथ मेहरा खटल्यापासून हे पक्कं आहे. खोटं स्पष्टीकरण पुऱ्या साखळीला बळ देतं, तुटलेली साखळी सांधत नाही. घाबरलेला निरपराध माणूसही खोटं बोलतो, हे मी माझ्या अशिलांत पाहिलंय.

कृष्णाकाठ

मी वर जरा जोरात लिहिलं. शुभदाताई, मनापासून वाईट वाटलं वाचून.

एक विचारतो. जे पोलिसांच्या हातात असतं ते त्यांनी आणलंच नाही तर?

जुनी पानं

तर ते त्यांच्याविरुद्ध जातं. २०१५ चा तोमासो ब्रुनो खटला बघा. वाराणसीच्या हॉटेलात एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला, खोलीत सोबत असलेल्या दोघांना जन्मठेप झाली. हॉटेलात सीसीटीव्ही होता. खोलीत कोण आलं-गेलं हे सांगणारा सगळ्यात चांगला पुरावा तोच. कोर्टापुढे आणलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हातातला उत्तम पुरावा दडवला तर तो तुमच्या विरोधात होता असं धरता येतं. दोघं सुटले.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत दोन गोष्टी आल्या आहेत, त्यांच्याकडून मला आशा आहे. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, कलम १०५. आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे, कलम १७६ चं पोटकलम ३. ही दुसरी तरतूद राज्यांनी पाच वर्षांत लागू करायची आहे. तुमच्या ओढ्याकाठी तेव्हा कॅमेरा चालू असता, तर तो शिपाई केव्हा आला, मेणबत्ती का विझली, सगळं दिसलं असतं. कदाचित सगळं सरळच निघालं असतं आणि पुरावा टिकला असता.

बार रूम

काका, अजून तिथेच अडलोय. निकालपत्र वाचा. कोर्टाच्या नक्कल शाखेत अर्ज करा, खटल्याचा क्रमांक समन्सवर असेल. तुम्ही पक्षकार नाही, म्हणून अर्जात कारण लिहा. आई अपिलाला गेल्या होत्या का तेही कळेल. २००९ च्या अखेरीपासून पीडिताच्या कुटुंबाला निर्दोष मुक्ततेविरुद्ध स्वतः अपील करता येतं, हे गावात कुणी त्यांना सांगितलं असेल असं वाटत नाही.

पंच क्रमांक दोन

मंडळी, उशीर झाला. नक्कल मिळायला वेळ लागला. बार रूम यांनी सांगितल्यावरून अर्ज केला. निकाल ३१ पानांचा आहे. तीन रात्री वाचला, कायद्याचे शब्द इथले प्रतिसाद शेजारी ठेवून लावले.

माझं नाव चार ठिकाणी आलंय. "पंच क्र. २ यांच्या साक्षीनुसार घटनास्थळी एक पोलीस कर्मचारी अगोदरच हजर होता." यावरून कोर्टाने कोयत्याची जप्ती बाजूला ठेवली आहे. ते माझ्यामुळेच झालं, ते मी नाकारत नाही.

पण त्याच्या आधी नऊ पानं मोटरसायकलची आहेत. ज्याने दोघांना पाहिलं तो साक्षीदार सरतपासणीत (सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा) संध्याकाळी सात म्हणाला, उलटतपासणीत "दिवस मावळायच्या आधी". त्याचा जबाब पोलिसांनी घेतला तो मृतदेह सापडल्यावर अकरा दिवसांनी. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ ३६ ते ६० तास सांगितली होती. मोबाइलच्या नोंदी होत्या, पण सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडलं नव्हतं म्हणून त्या वाचल्याच नाहीत. त्या मुलाचा फोन रात्री साडेनऊपर्यंत कुठे होता हे त्या कागदांत असणार. मला हेच सगळ्यात जास्त लागलं. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी विचारलं होतं ते पण आहे, "मानवी रक्त, गट अनिर्णित." तुमचंच वाक्य, शब्दशः.

जुनी पानं सर, मी वहीत दोन रकाने केले. पैशाचा व्यवहार, एकत्र जाणं, कोयता, फोन. उजवीकडे लिहायला गेलो तर चारही ओळींसमोर काहीतरी लिहिता आलं. माझ्या मनाला तो माणूस अजूनही खुनी वाटतो. वहीत तसं निघत नाही.

कोर्टाने शेवटून दुसऱ्या पानावर तपासी अंमलदाराबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेत, की जागीच सील केल्याची नोंद चुकीची असल्याचं दिसतं. तिथे "पंच" असा वेगळा उल्लेख नाही. पण त्या नोंदीखाली माझीही सही आहे. वाचून केलेली. साक्षीत मी खरं बोललो. सही केली त्या दिवशी मात्र मी खोट्या ओळीखाली सही केली होती. आईंनी नेमकं तेच विचारलं होतं, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की त्या साक्षीबद्दल विचारताहेत.

अपील कुणी केलं नव्हतं. मुदत केव्हाच संपली आहे. उशीर माफ होण्याचा अर्ज करता येतो का, हे बार रूम यांनी व्यक्तिगत निरोपातून सांगावं, खर्चाचं मी बघेन.

येत्या रविवारी नक्कल घेऊन त्यांच्या गावी जातोय. त्यांना वाचता येत नाही. जेवढं ऐकून घेतील तेवढं वाचून दाखवणार आहे. सहीचं पान आधी.